खोली केव्हां राखावी, आणि किती रात्रींसाठीं?

नाताळच्या सुटींत सहकुटुंब गोव्यास जावें, मुलांस चार दिवस समुद्र आणि देवळें दाखवावीं, आणि त्यांतली एखादी रात्र मांडवी नदींतल्या कॅसिनोंत काढावी, असा बेत मुंबईच्या एका वाचकांनीं आम्हांस पत्रानें कळविला आहे, आणि पणजीस हॉटेलची खोली किती दिवस अगोदर राखून ठेवावी असें विचारलें आहे. आपण नाट्यास राहतां, तेव्हां गोव्याकडच्या रीतिभाती आपणांस ठाऊक असतीलच, अशी पुस्तीही त्यांनीं जोडली आहे. सारी हयात रामशब्द चालवून घेण्यांत घालविलेल्या मास्तरास जुगाराच्या मुक्कामाचा मुहूर्त विचारावा, हा योग आमच्या पत्रिकेंत होता असें दिसतें! पत्र आम्हीं घरांत मोठ्यानें वाचून दाखविलें तेव्हां हंशा पिकेल असें वाटलें होतें. सौभाग्यवती हंसल्या नाहींत. त्या एवढेंच म्हणाल्या, "ह्याचें उत्तर मात्र नीट विचार करून द्या." त्या असें कां म्हणाल्या तें पुढें ओघानें येईल.

एरव्हींच्या प्रवासांत खोली ही रात्रीं पाठ टेकण्यापुरती वस्तु. ह्या प्रवासांत तसें नाहीं, आणि त्याचें कारण कायद्यांत आहे. गोव्यांतील १९७६ सालच्या जुगारविषयक कायद्यास १९९२ सालीं दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांस मोकळीक मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीनें पाण्यांतल्या जहाजांवर पट मांडण्याची वाट खुली झाली. पणजीच्या धक्क्यावरून होडीनें जेथें पोंचवितात तीं मांडवींत नांगरलेलीं दिव्यांचीं जहाजें हीं ह्याच दुरुस्तीचीं अपत्यें होत. पुढें १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांस मात्र ह्या खेळांची बंदी करण्यांत आली. घरच्या लेकरांस जो पदार्थ शिवूं द्यावयाचा नाहीं तो पाहुण्यांच्या पानांत आग्रहानें वाढावा, तशांतला हा न्याय आहे. त्याचा परिणाम असा कीं, त्या पटावर बसणारा मनुष्य परगांवचाच असावयाचा, आणि खेळ संपल्यावर त्याला कोठें तरी खोलीवर परतावयाचें असतें. म्हणून कॅसिनोचे दर आणि खोलीचें भाडें हीं दोन्हीं बहुधा एकाच वेळीं चढतात व एकाच वेळीं उतरतात. आपल्या महाराष्ट्रानेंही १९७६ सालींच कॅसिनोंचा एक कायदा करून ठेवला होता; तो कधींच अंमलांत आला नाहीं, आणि २०२३ सालीं सरकारनें तो रद्द करण्याचें ठरविलें. तेव्हां मराठी माणसाची ही हौस दक्षिणेकडेच वळणार हें उघड आहे.

जातां जातां एक सांगावेंसें वाटतें. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत द्यूताध्यक्ष नेमला आहे. जुगार एकाच जागीं चालवावा आणि जिंकणाऱ्याकडून शेंकडा पांच घ्यावे, अशी त्याची व्यवस्था. आजचें सरकार २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा चाळीस घेतें, आणि तेंही कोणी जिंकण्याची वाट न पाहतां, चिपा विकत घेतल्या जातात तेथेंच. जिंकलेल्या रकमेवर प्राप्तीकराचे शेंकडा तीस ते निराळे. त्यांतून हरलेली रक्कम वजा करून मिळत नाहीं. कौटिल्यास लोक उगाच कुटिल म्हणतात!

आतां मूळ प्रश्न. गोव्यांतल्या भाड्यास भरती-ओहोटी आहे. आमच्या साखरीनाट्याचे मच्छीमार खाडीचें पाणी पाहून होडी बाहेर काढतात, तसें हें पाणी ज्यानें ओळखलें त्याचे पैसे वांचतात. जून ते सप्टेंबर ही ओहोटी. त्या दिवसांत दोन-तीन दिवस अगोदर फोन केला तरी खोली मिळते, आणि भाड्यांत घासाघीसही करतां येते. दिवाळीच्या सुटीबरोबर पाणी चढूं लागतें. नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. २००४ पासून तो पणजीसच भरत आला आहे, व त्या आठवड्यांत शहरांतल्या खोल्या पाहुण्यांनीं भरून जातात हें पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. ३ डिसेंबरास जुन्या गोव्यांत सेंट झेवियरचें फेस्त. मग २४ डिसेंबरपासून २ जानेवारीपर्यंत उधाण. ह्या दहा दिवसांत कांहीं हॉटेलें दोन-तीन रात्रींपेक्षां कमी मुक्काम घेतच नाहींत, हें विशेष लक्षांत ठेवावें. उधाण ओसरलें कीं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत भाडें बरेंच खालीं येतें. पुढें प्रजासत्ताक दिनाला लागून रविवार आला तर पुन्हां चढतें, आणि कार्निव्हालला चढतें. शिवाय आठवड्याचीही एक लहान भरती आहे. शुक्रवार-शनिवारीं खोलीही महाग आणि जहाजावरचा प्रवेशही महाग. सोमवार ते गुरुवार दोन्हीं स्वस्त. ज्यास सुटीचें बंधन नाहीं अशा पेन्शनरानें शनिवारीं पणजीस मुक्कामास जावें, हें आम्हांस केवळ अविचाराचें लक्षण वाटतें.

करांतही एक खुबी आहे. एका रात्रीचें भाडें साडेसात हजारांपर्यंत असेल तर त्यावर शेंकडा पांच कर, आणि त्याच्यावर गेलें कीं शेंकडा अठरा. समजा, नोव्हेंबरांत एका खोलीस ६,००० रुपये पडतात. कर ३०० रुपये. तीच खोली, तोच पलंग, तीच खिडकी नाताळांत ९,००० वर गेली तर कर १,६२०. भाडें दीडपट झालें, पण कर पांचपटीहून अधिक झाला! म्हणून खोली घेतांना करासह आंकडा विचारावा.

नाताळासाठीं म्हणाल तर खोली सप्टेंबरअखेर हातांत असावी. परंतु लवकर घेतलेल्या खोलीचेही दोन प्रकार असतात, आणि त्यांतला भेद आम्हां कोंकणांतल्या लोकांस आंब्याच्या बागेवरून चटकन् समजतो. आमच्याकडे कांहीं व्यापारी मोहोर पाहूनच बाग घेतात. भाव कमी पडतो. पण पुढें तुडतुडा पडला, अवकाळी पाऊस झाला, तर बुडाला तो घेणारा. दुसरे फळ धरल्यावर येतात व चार पैसे अधिक देतात. हॉटेलवाल्यांचा "रद्द केल्यास पैसे परत नाहींत" हा स्वस्त भाव म्हणजे मोहोरावर घेतलेली बाग. ज्या घरांत लहान मुलें आहेत, सासूसासरे आहेत, कोणाचा ताप कोणाची परीक्षा आहे, त्यांनीं ह्या मोहाच्या वाटेस जाऊं नये. चारपांचशे रुपये अधिक देऊन, अमुक तारखेपर्यंत रद्द करतां येईल, अशी खोली घ्यावी. मोबाइलवर कोणत्याही पाटीवर विश्वासून पैसे पाठवूं नयेत. पाठविण्यापूर्वीं त्या हॉटेलास स्वतः फोन करावा आणि आपलें नांव त्यांच्या वहींत चढलें आहे कीं नाहीं तें विचारावें. खोट्या पाट्या लावून बसलेले लोक पुष्कळ आहेत.

दुसरें असें कीं, खोली आणि आगगाडी ह्यांचा क्रम चुकवूं नये. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचें आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस अगोदर उघडतें; पूर्वीं तें एकशें वीस दिवस अगोदर उघडत असे, आणि पुष्कळ लोक अजून त्याच हिशेबांत आहेत. म्हणून सप्टेंबरांत रद्द होण्याजोगी खोली घ्यावी, साठाव्या दिवशीं तिकिटें काढावीं, आणि तिकिटें हातीं आल्यावर खोली पक्की करावी. तिकिटें न मिळालीं तर खोली सोडतां येते. हें उलट्या क्रमानें करणारे दर वर्षीं भेटतात.

येथपर्यंतचें उत्तर कोणीही जाणता मनुष्य देऊं शकेल. परंतु "केव्हां" ह्या प्रश्नाला "किती रात्रींसाठीं" हा प्रश्न चिकटलेला असतो, आणि तो आमच्या वाचकांनीं विचारलेला नाहीं. तीन वर्षांपूर्वीं आमच्याही तो ध्यानांत आला नव्हता.

आमचा एक भाचा पुण्यास चांगल्या नोकरीवर आहे. त्या वर्षीं नाताळांत तो बायकोमुलांसह पणजीस गेला. मनुष्य व्यवस्थित, खोली त्यानें सप्टेंबरांतच दोन रात्रींसाठीं घेतली होती. भाव बरा मिळाला होता, आणि धक्का चालत पांच मिनिटांवर होता. परतीचें तिकीट काढण्यापूर्वीं त्यानें आम्हांस फोन केला. तेव्हां आम्हीच त्यास म्हणालों, "परतीची घाई कशाला करतोस? तारीख मोकळी ठेव. जमेल तसे निघा आणि वाटेंत दोन दिवस नाट्यास येऊन जा. मामी आंबोळ्या करील." हें वाक्य त्यानंतर आम्हांस किती वेळां आठवलें असेल तें सांगतां येत नाहीं.

पहिल्या रात्रीं तो बावीस हजार रुपये जिंकून परतला. आमच्या मतें अनर्थ झाला तो तेथेंच. दुसऱ्या रात्रीं ते बावीस गेले आणि पदरचे चाळीस गेले. सकाळीं खोली सोडावयाची होती. हातांत परतीचें तिकीट असतें तर सामान बांधून मंडळी गाडींत बसलीं असतीं, आणि ती गोष्ट चाळीस हजारांवर मिटली असती. तिकीट नव्हतें. ती खोली पुढच्या लोकांस दिलेली होती. परंतु कोणाचें तरी आरक्षण रद्द होऊन दुसरी एक रिकामी झाली होती. भाडें जवळजवळ दुप्पट. त्यानें ती घेतली. मुलांस आणखी एक दिवस समुद्र मिळेल, असें त्यानें बायकोस सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं पहाटे साडेचारास आमच्याकडे फोन वाजला. ह्या वयांत त्या वेळीं फोन वाजला कीं प्रथम जें मनांत येतें तें लिहीत नाहीं. भाचेसून बोलत होती. मुलें निजलीं होतीं म्हणून अगदीं हळू बोलत होती. "मामा, हे अजून आले नाहींत. फोन लागत नाहीं. मुलांना टाकून मला खालींसुद्धां जातां येत नाहीं." एकवीस वर्षांखालील कोणास खेळाच्या दालनांत प्रवेश नसतो, म्हणजे मुलें बरोबर असलीं तर आईबापांपैकीं एकास खोलींत बसणें प्राप्त होतें, आणि तें एक कोण हें सांगावयास नको. तिसरी रात्र ती त्या खोलींत बसून काढीत होती. आम्हीं तिला म्हटलें, "दार आंतून लावून घे. आम्ही येतों."

पहिल्या एस्. टी. नें राजापूर, आणि तेथून महामार्गावरून पणजीस जाणारी गाडी. पोंचेपर्यंत बारा वाजून गेले होते. भाचा परतला होता. खिडकीशीं बसला होता. अंगांत रात्रीचाच सदरा. पावणेदोन लाख रुपये गेले होते. ते कोठले हें त्यानें सांगितलें नाहीं, भाचेसुनेनें सांगितलें. थोरलीच्या पुढच्या वर्षाच्या कॉलेजसाठीं बाजूस ठेवलेले होते. मुलगी तेथेंच होती, पिशवींत कपडे भरीत होती, आणि तिनें सारें ऐकलें होतें. आम्ही भाच्यास कांहीं बोललों नाहीं. बोलावयास लागलों असतों तर आमचें तें "तारीख मोकळी ठेव" त्यांत आलें असतें. मुलीचें शुल्क वेळेवर भरलें गेलें. कसें, तो घरचा प्रश्न आहे.

मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकांत दहा सुवर्ण हरलेला संवाहक ओस देवळांत शिरून मूर्तीसारखा उभा राहतो, आणि त्याला शोधीत आलेले लोक तेथेंच फांसे टाकूं लागतात तेव्हां त्याला राहवत नाहीं व तो पकडला जातो. वर्गांत ही गोष्ट सांगतांना मुलें पोट धरून हंसत, आणि आम्हीही हंसत असूं. त्या दिवसानंतर आम्हांस ती हंसून सांगतां आलेली नाहीं.

घरीं परतल्यावर आम्हीं कागद घेऊन हिशेब मांडला. मास्तरास दुसरें काय सुचणार? रूलेच्या चक्रास शून्य धरून सदतीस घरें असतात. एका घरावर एक रुपया लावून तें घर लागलें तर पस्तीस रुपये मिळतात व आपला एक परत येतो. आतां सर्वच घरांवर एकेक रुपया लावला तर सदतीस रुपये जातात आणि छत्तीस येतात. दर सदतीस रुपयांमागें एक रुपया घरमालकाचा, हा त्या चक्राचा पाया. त्यांत लबाडी नाहीं, ती त्याची रचनाच आहे. कांहीं चक्रांस दोन शून्यें असतात. तेथें अडतीसांत दोन जातात. एका फेरीस ५०० रुपये आणि तासास चाळीस फेऱ्या धरल्या तर तासाभरांत वीस हजारांचा खेळ होतो, आणि त्यांतले सुमारें ५४० रुपये सरासरीनें जातात. चार तास बसलें तर २,१६०. एक रात्र करमणूक म्हणून कोणी हें मान्य केलें तर त्यास आम्ही मूर्ख म्हणणार नाहीं; नाटकास जाणाराही पैसे परत घेऊन येत नाहीं. परंतु हा हिशेब पांचशेंवर टिकून राहणाऱ्या माणसाचा आहे. हरलेलें भरून काढावयास जो बसतो तो पांचशेंवर राहत नाहीं, आणि भरून काढण्यास जी वस्तु लागते ती म्हणजे आणखी एक रात्र. ती रात्र हॉटेलाच्या टेबलापाशीं विकत मिळते. भाच्याच्या दुसऱ्या खोलीचें भाडें कागदावर फार तर कांहीं हजार दिसेल. त्या खोलीची खरी किंमत सव्वा लाखाच्या पुढें गेली.

ह्याच कारणास्तव खोली, जहाजावरचा प्रवेश, जेवण आणि थोड्या चिपा अशी एकत्र मोट बांधून जी सवलत देतात, तिच्याकडे आम्ही संशयानें पाहतों. त्यांतल्या चिपा बहुधा खेळण्यापुरत्याच असतात. त्यांचे रोख पैसे होत नाहींत. आणि तिसरी रात्र अर्ध्या भाड्यांत देऊं केली तर तिला स्वस्त म्हणण्यापूर्वीं ती कोणाच्या सोयीची आहे एवढें पाहावें.

आमच्या वाचकांस तेव्हां आमचें सांगणें असें. नाताळचाच आग्रह असेल तर २५ डिसेंबरास निघा आणि २८ ला परता. जाण्याचीं तिकिटें २६ ऑक्टोबरास उघडतील, परतीचीं २९ ऑक्टोबरास, दोन्हीं सकाळीं आठ वाजतां. थिवी किंवा करमळी ह्यांपैकीं सोयीचें स्टेशन घ्या. परतीचीं मिळालीं नाहींत तर जाण्याचीं रद्द करा. खोली सप्टेंबरांत, रद्द करतां येण्याजोगी. आणि धक्क्याजवळ नको, मिरामारच्या बाजूस पाहा, म्हणजे मागें राहणाऱ्या माणसास संध्याकाळीं मुलांना घेऊन वाळूवर तरी जातां येईल. जहाजावर जावयाचेंच असेल तर तें शेवटच्या रात्रीं ठेवा, पहिल्या रात्रीं नव्हे. आमच्या भाच्यानें पहिल्या रात्रींच तिकडे पाऊल टाकलें, आणि पुढच्या साऱ्या रात्री तिच्यामागून फरफटत गेल्या. खर्चावयाची रक्कम रोख न्या, आणि पैसे देण्याचा मोबाइल खोलींत राहणाऱ्या माणसापाशीं ठेवा. सहधर्मचारिणीस ही शेवटची सूचना पत्र न दाखवितां सांगितलीत तरी चालेल. तिला ती आवडेल.

ह्या नाताळांत भाचा व भाचेसून मुलांसह आमच्याकडे येणार आहेत. यशवंतगड आणि आंबोळगडचा किनारा मुलांनीं लहानपणीं पाहिला होता, पुन्हां पाहावयाचा आहे. सौभाग्यवतींनीं आंबोळ्यांचे तांदूळ आतांच काढून ठेवले आहेत. परवां फोनवर आम्हीं भाच्यास विचारलें, किती दिवस राहाल? तो म्हणाला, "तीन. परतीचीं तिकिटें थोरलीनें काढलीं आहेत."